मास्तरांचं वॉरंट

'वॉरंट' हा शब्द आमच्या वाळवे तालुक्यात इंग्रजीच्या पुस्तकातून आला नाही. तो पोलिसांच्या खाकी खिशातून आला. १९४२ ची चळवळ पेटली आणि त्यानंतर जुन्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. (सांगली जिल्हा तेव्हा जन्मायचा होता. तो १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावानं जन्मला आणि १९६० साली पुन्हा बारसं होऊन 'सांगली' झाला.) क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे. आष्ट्याच्या चौकात उभं राहून दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या भूमिगताच्या छपरावर पडायचा, असे ते दिवस. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वेचा पगार लुटला, पुढच्या एप्रिलात धुळ्याचा खजिना लुटला. मग वॉरंटांना काय तोटा! ज्याच्या नावावर एकही वॉरंट नाही असा धडधाकट तरुण त्या काळात आमच्याकडं जरा हलक्या प्रतीचा समजला जाई. मुलगी द्यायची तर जमीन किती, विहीर किती आणि वॉरंटं किती, अशी चौकशी व्हायची म्हणतात. यातला शेवटचा भाग मी पदरचा घातला आहे, पण तो ऐकून आमच्याकडचं कुणी म्हातारं माणूस हरकत घेणार नाही.

अशा मुलखात, १९७० नंतरच्या कुठल्याशा वर्षी, आमच्या शाळेतल्या पी. टी. च्या सरांच्या नावानं मुंबईहून वॉरंट आलं.

बातमी शिपायानं फोडली. पाकीट त्यानंच हेडसरांच्या टेबलावर ठेवलं होतं आणि 'वॉरंट' एवढा एकच शब्द त्याच्या कानात शिरला होता. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. आमच्या आजीनं तर तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. "गरीब गाय हुता की गं मास्तर! कशापायी आसं केलं आसंल?" काय केलं असेल याचा कुणालाच पत्ता नव्हता, पण काहीतरी केल्याशिवाय वॉरंट निघत नाही, याबद्दल गावाचं एकमत होतं. एका पैलवानानं तर रात्री सरांच्या दाराशी जाऊन "सर, वेळ पडली तर आमच्या मळ्यातल्या खोपीत राहा, पोलिसाच्या बापाला सापडणार नाही," असं दबक्या आवाजात सांगितलं. खोप मोकळीच होती. १९४६ पासून तिला गिऱ्हाईक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसरांनी खुलासा केला. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेत मुलांचं पथक चालवायला जे मोठं माणूस नेमतात, त्याला अधिकृत परवाना द्यावा लागतो. त्या परवान्यालाच वॉरंट म्हणतात. सरांनी प्रशिक्षण पुरं केलं म्हणून त्यांना ते मिळालं. टाळ्या झाल्या. गावाची मात्र निराशा झाली. अजून सांगायचं म्हणजे, या वॉरंटाबरोबर पगारात एक पैसाही वाढत नाही हे कळल्यावर तर गावानं सरांची कीवच केली. पोलिसांचं वॉरंट निघालं तर निदान सरकारी खर्चानं जेवण तरी मिळतं.

आता यात गंमत आहे तेवढाच एक इतिहासही आहे. मी तो पुढं बऱ्याच वर्षांनी वाचला आणि मला पहिला प्रश्न पडला तो असा, की पोरांना घेऊन रानात जायचं तर त्याला परवाना कशाला? बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलं नेली, तंबू ठोकले आणि आठवडाभर त्यांना रानातलं जगणं शिकवलं, तेव्हा त्याच्याकडं कुणी परवाना मागितला नव्हता. पुढच्या वर्षी त्यानं पुस्तक लिहिलं आणि मग पंचाईत झाली. पुस्तक वाचून इंग्लंडभर पोरांनी आपापली टोळकी केली, काठ्या घेतल्या, टोप्या घातल्या, आणि मग ती टोळकी 'आमचे मास्तर व्हा' म्हणून मोठी माणसं शोधत फिरू लागली. पोरं आधी आणि मास्तर मागाहून, हा शिक्षणाच्या इतिहासातला उलटाच प्रकार. मास्तर व्हायला पगार नव्हता, त्यामुळे जो तयार होईल तो देवमाणूस; पण तयार झालेला प्रत्येकजण देवमाणूसच असतो असं नाही, हेही लवकरच ध्यानात आलं असणार. म्हणून वॉरंट. या माणसाला आम्ही ओळखतो, याच्या हाती पोर द्यायला हरकत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

एवढंच. पोहता येतं का, डोंगर उतरता येतो का, ढग वाचता येतो का, याबद्दल त्या कागदाचं काहीच म्हणणं नव्हतं.

४ ऑगस्ट १९१२ ला लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या गरीब वस्तीतली स्काउट मुलं आपल्या मास्तरांबरोबर एका शिडाच्या होडीतून तळाकडं निघाली होती. मास्तरांचं नाव सिडनी मार्श. सगळी हौसेची माणसं. लेज्डाउन गावाजवळ एकाएकी वाऱ्याचा झोत आला आणि होडी उलटली. नऊ पोरं बुडाली. मार्श स्वतः वाचले. त्या वेळी आरमाराचे मंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी त्या पोरांना लंडनला आणायला युद्धनौका पाठवली आणि अंत्ययात्रेला रस्ते माणसांनी भरून गेले. चौकशीत ठपका कुणावर आला नाही. वारा कुणाच्या हातात नसतो. खरं आहे. पण वारा येणार हे ओळखणं कुणाच्या तरी हातात असतं का, हा प्रश्न त्या नऊ घरांमध्ये रात्री दिवा मालवल्यावर निघत असणारच.

आपल्याकडं स्काउटिंग १९०९ साली बंगलोरला आलं, पण ते गोऱ्यांच्या मुलांपुरतं. आपल्या मुलांनी खाकी चड्डी घालून गाठी मारल्या तर साम्राज्याची गाठ सुटेल अशी धास्ती असावी. मग ॲनी बेझंटबाईंनी वेगळी संघटना काढली, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची काढली, आणि अशा निरनिराळ्या चुली स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. साहेब गेला, पण 'वॉरंट' हा शब्द तेवढा मागं ठेवून गेला.

आमच्या सरांनी पुढं मध्य प्रदेशात पचमढीला जाऊन 'हिमालय वुड बॅज' मिळवला आणि ते गळ्यात चामड्याची वादी घालून परत आले. वादीला दोन लाकडी मणी. हे मणी मूळ झुलू सरदार दिनुझुलूच्या माळेतले. बेडन-पॉवेलनं १९१९ साली पहिल्या प्रशिक्षणानंतर ते वाटले आणि नंतर त्यांच्या नकला जगभर गेल्या. हे आम्हांला सरांनी सांगितलं. गावाला कोण सांगणार? गावानं बघितलं ते एवढंच, की सर गेले तेव्हा गळा मोकळा होता आणि आले ते माळ घालून. "मास्तर माळकरी झालं," असा निकाल आजीनं दिला. वारकऱ्याच्या माळेत मणी किती आणि इथं दोनच का, यावर "परदेशी माळ हाय, हळूहळू वाढत्याल," असं तिचं समाधानही तिनंच करून घेतलं. त्यातच स्काउटच्या परीक्षांची नावं प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. मी द्वितीय सोपान पास झालो हे ऐकून तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. निवृत्ती आणि ज्ञानदेव या वर्गात पुढं कधी बसणार, एवढंच तिला विचारायचं राहिलं होतं.

पण सर खरोखरच माळकऱ्याइतके नेमाचे होते. 'खरी कमाई'च्या आठवड्यात आम्ही दारोदार जाऊन कामं मागायचो, सायकली पुसायचो, अंगणं झाडायचो, आणि मिळालेला पैसा न पैसा सर वहीत मांडायचे. सहलीला जायचं तर आदल्या दिवशी एकटे सायकलवरून जाऊन वाट बघून यायचे. वाटेत पाणी कुठं, सावली कुठं, कुत्रं कुठलं चावरं, सगळं एका चतकोर कागदावर. गाठी मारण्यात मात्र आमच्यातली शेतकऱ्यांची पोरं सरांच्या पुढं होती. सर पुस्तकातली गाठ शिकवू लागले की एखादं पोर म्हणायचं, "सर, ही तर बैल बांधायची!" मग सर हसून त्याच्याच हातात दोर द्यायचे.

आणि सरांना पोहता येत नव्हतं. कृष्णाकाठच्या तालुक्यात ही गोष्ट लपवण्याजोगी होती. सरांनी ती लपवली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "पाण्याच्या बाबतीत मी तुमचा विद्यार्थी."

पाण्याचा परवाना आमच्याकडं वेगळाच मिळत असे आणि त्याला कागद लागत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला चऱ्हाट, आणि विहिरीच्या थारोळ्यावरून चुलत्यानं मागून ढकलून द्यायचं. प्रशिक्षणाचा पहिला धडा तो. आठपंधरा दिवसांनी डबा सुटायचा, मग चऱ्हाट सुटायचं. मग परीक्षा. बुडी मारून तळाची माती वर आणायची. हात वर काढून मुठीतला चिखल दाखवला की परीक्षक काठावरून मान हलवायचा. नुसतं "तळाला जाऊन आलो" म्हणून चालायचं नाही; चिखल पाहिजे. फसवाफसवीला जागा नसलेली अशी परीक्षा मी नंतर कुठल्याही विद्यापीठात बघितली नाही.

पण हा झाला स्वतःपुरता परवाना. दुसऱ्याची पोरं घेऊन पाण्यात उतरायचा परवाना याहून मोठा, आणि तो गावात दोनतीन माणसांपाशीच असे. कुणी नेमणूक केलेली नसायची. पण कुठल्या आईनं आपलं पोर कुणाबरोबर विहिरीवर सोडायचं आणि कुणाबरोबर नाही, हे ठरलेलं असे. यातली मौज अशी, की गावातला सगळ्यांत पट्टीचा पोहणारा, म्हणजे पुरात उडी घेऊन वाहतं लाकूड धरून आणणारा, त्याच्याबरोबर कुणीही आपलं पोर सोडत नसे. "त्यो सवताच्या जिवाला भीत न्हाई, पोराच्या जिवाला काय भिणार?" हे आजीचं वाक्य. तिला सही करता येत नव्हती.

आमची सहल एकदा औदुंबरला निघाली. पावसाळ्याची सुरुवात होती. दत्ताचं दर्शन घ्यायचं, काठावर डबे खायचे, आणि नावेतून पलीकडं भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीला जाऊन यायचं, असा बेत सरांच्या चतकोर कागदावर होता. सर आदल्या दिवशी येऊन नाव, नावाडी, भाडं, सगळं ठरवून गेलेले. तीसेक पोरं, पोटात भाकरी, डोळे नावेवर. नावाडी काठावर विडी ओढत बसला होता. सर त्याच्याजवळ गेले. तो पाण्याकडं बघत राहिला. आम्हांला तर पाणी कालच्यासारखंच दिसत होतं. जरा तांबूस, एवढंच. कुठूनतरी काटक्याकुटक्या वाहत येत होत्या.

"आज न्हाई," नावाडी म्हणाला.

"भाडं ठरलंय आपलं," सर म्हणाले.

"भाडं ऱ्हाऊ द्या. नवं पाणी हाय. पोरास्नी घेऊन न्हाई जायाचं."

आम्ही पोरांनी गलका केला. एकदोघांनी तर आम्ही पोहत जातो अशीही तयारी दाखवली. विहिरीचा तळ गाठलेले वीर होते. सरांच्या गळ्यात दोन मण्यांची माळ होती, घरी फ्रेम केलेलं वॉरंट होतं, आणि समोर उघडाबंब नावाडी. सरांनी कागद काढला, त्यावर भुवनेश्वरीच्या नावापुढं काट मारली आणि शिट्टी वाजवून आम्हांला घाटावर बसवलं. दुपारभर आम्ही रुसून गाणी म्हटली. संध्याकाळी काय झालं म्हणाल तर काहीच झालं नाही. पाणी वाढलं की नाही हेही मला आठवत नाही. असल्या गोष्टींत काही झालं नाही तर त्याची नोंद कुठं होत नाही, ही त्यातली मोठी अडचण.

नोंद होते ती दुसऱ्या बाजूची. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस गावातून प्लिमथच्या एका शाळेतली आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक वल्ह्याच्या छोट्या होड्या घेऊन समुद्रात निघाले. जवळच्या चारमथ गावी पोहोचायचं, दोनेक तासांचा बेत. वारा त्यांना आत घेऊन गेला. प्रशिक्षकांचं स्वतःचं शिक्षण पहिल्या पायरीचं, मदतीला बोलवायला दारूचे बाण जवळ नाहीत, आणि किनाऱ्यावर बोंब झाली ती दुपार बरीच कलल्यावर. चार मुलं गेली. पुढं चौकशीत निघालं, की त्याच साहस-केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी नोकरी सोडताना चालकांना पत्र लिहून 'इथली सुरक्षिततेची व्यवस्था बघा, नाहीतर एक दिवस पालकांना मूल परत का आलं नाही हे सांगावं लागेल' अशा अर्थाचा इशारा दिला होता. पत्र पोहोचलं होतं. चालक १९९४ साली तुरुंगात गेला आणि १९९५ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला: मुलांना पैसे घेऊन असले उपक्रम देणाऱ्या केंद्रांनी परवाना काढला पाहिजे.

आता त्यांची खुबी बघा. कायद्यानं पैसे घेऊन धंदा करणाऱ्याला धरलं. आपल्याच विद्यार्थ्यांना नेणारी शाळा आणि आपल्याच सभासदांना नेणारी सेवाभावी संघटना यांना परवान्यातून सूट दिली. म्हणजे स्काउट सुटले. आपल्याकडं असं कुणी सुटलं असतं तर पेढे वाटले असते. तिकडच्या स्काउट संघटनेत मात्र स्वतःचीच परवान्याची पद्धत आहे, आणि ती कायद्याहून किचकट. जुन्या वॉरंटानं 'माणूस बरा आहे' एवढंच सांगितलं होतं. हा परवाना 'माणूस बरा आहे, पण कुठपर्यंत' ते सांगतो. डोंगराचा वेगळा, होडीचा वेगळा, कडा चढण्याचा वेगळा. जाणकार माणूस प्रत्यक्ष बघून शिफारस करतो, संघटनेचा जबाबदार पदाधिकारी सही करतो, मुदत फार तर पाच वर्षांची. काम येतं की नाही हे बघतात, नियम माहीत आहेत का हे बघतात, मुलांशी कसं वागावं हे कळतं का ते बघतात, आणि शेवटी हा माणूस या कामाला योग्य आहे का हेही बघतात. हा शेवटचा मुद्दा वाचला तेव्हा मला पुरात उडी घेणारा आमच्या गावचा वीर आठवला. आजीनं त्याला याच कलमाखाली नापास केला होता.

त्यांच्या नियमांत जमिनीचे प्रकार पाडलेले आहेत. जी जागा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या खाली असेल आणि जिथून रुग्णवाहिका येऊ शकेल असा रस्ता अर्ध्या तासाच्या आत गाठता येईल, ती 'शून्य' प्रकारची. तिथं परवाना लागत नाही. हे वाचून मी नकाशा काढला. सांगलीच समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि आष्टा तिच्या खाली नक्कीच नाही. म्हणजे त्या हिशेबानं आष्ट्याच्या एस. टी. स्टँडवर चहा पिणारा माणूस गिर्यारोहकच! पण पुढच्या कलमात वाहता रस्ता आणि रस्त्याकडेची वाट यांना सूट दिली आहे, म्हणून आष्टेकर बचावले. मळ्यातून पायवाटेनं गोटखिंडीकडच्या मल्लिकार्जुनाच्या डोंगराला पोरं घेऊन जायचं म्हटलं, तर मात्र इंग्लंडातल्या मास्तरानं परवाना काढला असता. आमच्याकडं त्या डोंगरावर श्रावणात म्हाताऱ्या अनवाणी जातात, तेही नातवंडं कडेवर घेऊन.

हसावं तेवढं थोडं, पण तो रुग्णवाहिकेचा अर्धा तास मला आवडला. त्यात धोक्याचा बाऊ नाही, नुसता हिशेब आहे. पोराचा पाय मोडला तर उचलून किती वेळात रस्त्याला लागाल? आमच्या सरांच्या चतकोर कागदावर हा हिशेब असायचा, त्याला फक्त कुणी कलम म्हणत नव्हतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न सरकारदरबारी गेला तो दुःखातूनच. हिमालयातल्या एका मोहिमेत मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. साहसी उपक्रम कुणीही काढतं, कुणाला काही विचारणारं नाही, हे त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. सह्याद्रीत तेव्हाही आणि आजही दोन प्रकारची माणसं पोरांना नेतात. एक, शनिवार-रविवारचे गट भरून पैसे घेणारी. यांतली काही उत्तम असतात, काहींच्याजवळ दोरापेक्षा जाहिरात लांब असते. दुसरी, हौशी क्लबातली. या प्रकारातला नेता म्हणजे जो पहाटेच्या एस. टी. ला सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांचे बटाटे आपल्या पिशवीत वाहतो, खर्चाची वर्गणी काढतो आणि हिशेबात कमी पडलेले पैसे स्वतःच्या खिशातून घालून ते बायकोला सांगत नाही.

२०१४ च्या जूनमध्ये शासनानं निर्णय काढला आणि या दोघांना एकाच चाळणीत घातलं. नोंदणी, प्रमाणपत्रं, विमा, दाखले. डोंगरातली हौशी मंडळी उठली. गिर्यारोहकांच्या संस्था न्यायालयात गेल्या. २०१८ च्या जुलैत दुसरा निर्णय आला, त्यावरही वाद झाला. त्यांचं दुखणं असं: प्रमाणपत्र म्हणजे काय, तर दार्जिलिंगची १९५४ सालची संस्था किंवा उत्तरकाशीची १९६५ सालची, यांचे महिनामहिनाभराचे अभ्यासक्रम. अतिशय उत्तम शिक्षण, वादच नाही. पण तिथं शिकवतात बर्फ. सह्याद्रीत बर्फ म्हणून जो मिळतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर. इथं लागतो तो मुरमाचा घसारा ओळखायचा डोळा, पावसाळी कातळावरचं शेवाळ, भर दुपारी संपलेलं पाणी आणि आग्या मोहोळाच्या खाली गप्प बसायची अक्कल. त्याचं प्रमाणपत्र कुठून आणायचं? शिवाय महिनाभर रजा घेऊन उत्तरकाशीला जाणारा बँकेतला कारकून, आणि तोही फुकट पोरं न्यायला, असे किती निघणार? सर मणी आणायला पचमढीला गेले ते हक्काची रजा खर्चून. सगळ्यांकडून ती अपेक्षा ठेवली तर धंदेवाला परवाना काढील, कारण तो त्याची किंमत पोरांच्या फीमध्ये घालील. आणि बटाटेवाला घरी बसेल.

दुसरीकडं १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींसाठी ज्या सूचना निघाल्या त्यांत समुद्रकिनारे, नद्या, विहिरी, उंच टेकड्या असली ठिकाणं टाळावीत असा सूर होता. त्या दुःखाच्या भरात दुसरं काय सुचणार? तरीपण आमच्या तालुक्यातली नदी, विहीर आणि टेकडी वजा केली तर शिक्षकानं पोरांना दाखवायचं काय? साखर कारखान्याचं धुराडं. तेही उंचच असतं.

शेवटी २०२१ च्या ऑगस्टात पर्यटन खात्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा असे तीन भाग, आधी तात्पुरती नोंदणी मग कायमची, आणि उपक्रमागणिक सुरक्षिततेचे नियम. या वेळी डोंगरात जन्म घालवलेल्या माणसांचं म्हणणं पूर्वीपेक्षा जास्त ऐकलं गेलं, हे नियम वाचताना कळतं. काही कलमं तर सरळ कुणाच्या तरी चतकोर कागदावरून उतरवल्यासारखी आहेत. पण धंदा आणि हौस यांच्यामधली रेघ कुठं मारायची, हा जुना तंटा अजून मिटला आहे असं हौशी मंडळींशी बोलताना वाटत नाही. माझं विचाराल तर मी परवान्याच्या बाजूचा आहे. लाइम रेजिसचं ते पत्र वाचल्यापासून पक्का. फक्त तो परवाना खिडकीवर शुल्क भरून मिळणारा नको, विहिरीच्या काठावर उभं राहून मुठीतला चिखल बघणाऱ्यानं दिलेला हवा. असा परीक्षक तालुक्यागणिक दोन मिळाले तरी पुरेत. त्यालाही पगार नसावा, नाहीतर त्या जागेसाठी वशिले लागतील.

जुलै आला की पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर हजारो पोरं चालतात. १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून. आमच्या भागातूनही गट जातात, भर पावसात, चिखलात, ओढ्यांतून. असाच एक गट नेणारा तरुण मध्यंतरी भेटला. नोकरी सांभाळून करतो, फुकट करतो, विमा-बिमा सगळं नीट. त्याच्याजवळ अर्जाचे कागद होते. मी म्हटलं, अर्जात एक रकाना वाढवायला पाहिजे: आजवर किती वेळा पोरं घेऊन अर्ध्या वाटेवरून परत आलात? तारीख, ठिकाण, कारण. ज्याच्या नावावर असे चार-पाच प्रसंग नाहीत त्याला परवाना देऊ नये.

तो हसला. "काका, आम्ही गेल्या साली ओढ्याला पाणी बघून तीन तास थांबलो आणि मागं फिरलो. पोरांच्या आयांनी फोन करून विचारलं, पैसे किती परत मिळणार?"

"मग लिही की त्या रकान्यात."

"लिहितो. पण बाकीचे सगळे काय लिहितील सांगू? 'निरंक'."